चांद्याचा तट आणि आकाशांतील पहारा

सैन्याच्या नूतनीकरणाचा विषय निघाला कीं आपल्याकडील चर्चेला बहुधा खरेदीच्या यादीचें स्वरूप येतें. किती हेलिकॉप्टरें मागविलीं, किती ड्रोन आले, विमानविरोधी क्षेपणास्त्रांच्या किती तुकड्या उभ्या राहिल्या, आणि या सर्वांस किती कोटी रुपये पडले, एवढें समजलें म्हणजे राष्ट्राच्या बळाचा हिशेब लागला असें पुष्कळांस वाटतें. मार्च २०२५ मध्यें भारत सरकारनें ‘प्रचंड’ या नांवाच्या १५६ लढाऊ हेलिकॉप्टरांसाठीं सुमारें ६२,७०० कोटी रुपयांचा करार केला, तेव्हां वृत्तपत्रांतून हेच दोन आंकडे ठळक अक्षरांत झळकले. आंकडे खोटे नव्हते. परंतु युद्धसामग्रीचा इतिहास अशा आंकड्यांनीं उलगडत नाहीं. शस्त्र नवें केव्हां ठरतें, आणि नवें असूनहि तें निरुपयोगी केव्हां होतें, हा प्रश्न निराळा आहे. आणि त्याचें उत्तर शोधावयाचें तर दूरच्या रणांगणांकडे धांव घेण्याचें कारण नाहीं. आपल्या महाराष्ट्राच्या पूर्व टोंकाला असलेला जुना चांदा मुलूख त्यासाठीं पुरेसा आहे.

जुना चांदा म्हणजे आजचे चंद्रपूर व गडचिरोली हे दोन जिल्हे. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली वेगळा झाला. तोंवर वर्धा नदीपासून इंद्रावतीपर्यंतचा हा सारा अरण्यप्रदेश एकाच कचेरीच्या हुकमतींत होता. या प्रदेशांत गेल्या दोनशें वर्षांत युद्धाचें प्रत्येक नवें साधन येऊन गेलें आहे. तट फोडणारी तोफ येथें आली, तारायंत्र आलें, भूसुरुंग आला, हेलिकॉप्टर आलें आणि अखेर ड्रोनहि आला. शिवाय तोफांचा दारूगोळा तयार करणारा सरकारी कारखानाहि याच भूमींत उभा आहे. एवढ्या साऱ्या अवस्था एका मुलुखांत क्रमानें पाहावयास मिळणें दुर्मिळ होय.

आरंभ तटापासूनच करूं. चांदा शहराचा तट हा गोंड राजवटीचा सर्वांत मोठा अवशेष. खांडक्या बल्लाळशहानें त्याचा पाया घातला व पुढच्या राजांनीं तो पुरा केला, अशी परंपरा आहे. सुमारें अकरा किलोमीटर लांबीची ती दगडी भिंत, तिचे गोल बुरूज, जटपुरा, बिनबा, पठाणपुरा व अंचलेश्वर हे चार दरवाजे, आणि त्यांवर कोरलेलीं हत्तीस नमविणाऱ्या सिंहाचीं शिल्पें पाहिलीं म्हणजे हें काम करविणाऱ्या राज्यापाशीं पैसा, कारागीर व स्वस्थता या तिन्ही गोष्टी होत्या हें सहज ध्यानांत येतें. पश्चिमेस इरई व पूर्वेस झरपट या नद्यांची त्यास नैसर्गिक जोड होती. घोडेस्वारांची धाड, धनुष्यबाण व हलक्या बंदुका एवढ्यांपुरता विचार केला तर हा तट आपल्या काळाचें उत्तम संरक्षण होता.

१७५१ मध्यें रघूजी भोसल्यांनीं गोंड राज्य संपुष्टांत आणलें आणि चांदा नागपूरकरांकडे गेला. किल्ल्याचे धनी बदलले, तट मात्र होता तसाच राहिला. याच सुमारास बाहेरच्या जगांत किल्ल्यांची कल्पना पार बदलून गेलेली होती. युरोपांत सोळाव्या शतकापासूनच उंच दगडी भिंतीची जागा ठेंगण्या, जाड, मातीच्या भरावाच्या उतरत्या तटांनीं घेतली होती. कारण तोफेचा गोळा दगडी भिंतीस तडकवितो व पाडतो, पण मातींत तो रुतून बसतो. हें ज्ञान चांद्याच्या तटापर्यंत पोहोंचलें नाहीं. त्याची उंची पंधरा-वीस फूट होती आणि त्याची लांबी हीच त्याची अडचण होऊन बसली होती.

त्याची परीक्षा १८१८ च्या उन्हाळ्यांत झाली. सीताबर्डीच्या पराभवानंतर नागपूरचें राज्य मोडकळीस आलें होतें. अप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या कैदेंत सांपडले होते, आणि दुसऱ्या बाजीरावाची चांद्याकडे येऊन नागपूरकरांशीं हातमिळवणी करण्याची खटपट एप्रिलमध्यें पांढरकवड्याजवळ शिवणी येथें कर्नल ॲडम्सनें उधळून लावली. मग ॲडम्स चांद्याकडे वळला. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यांत वेढा पडला. किल्लेदार गंगासिंह यानें शरण जाण्याचें नाकारलें. त्याच्यापाशीं दोन-तीन हजार माणसें होतीं. आतां अकरा किलोमीटरांच्या तटावर एवढीं माणसें सारखीं वांटून उभीं केलीं तर साधारण चार-पांच मीटरांस एक शिपाई येतो. राखीव दळ म्हणून मागें एकहि उरत नाहीं. इंग्रजांस मात्र साऱ्या तटाशीं कर्तव्य नव्हतें. त्यांनीं एक कोपरा निवडला, जड तोफा त्यासमोर मांडल्या व तेवढ्याच ठिकाणीं मारा चालविला. १९ मेपर्यंत चढून जाण्याजोगें खिंडार पडलें आणि २० मे रोजीं सकाळीं हल्ला होऊन शहर हातचें गेलें. गंगासिंह लढतां लढतां पडला.

या पराभवाचें खापर तटावर फोडणें सोपें आहे, आणि फितुरी किंवा भेकडपणा यांवर फोडणें तर त्याहून सोपें. पण गंगासिंह भेकड नव्हता आणि तट कच्चा नव्हता. उणीव होती ती दोहोंच्या मागच्या व्यवस्थेची. शत्रूजवळ कोणत्या वजनाच्या तोफा आहेत, त्या कोणत्या वाटेनें येत आहेत, भिंतीचा कोणता भाग दुबळा आहे व तेथें मातीचा भराव घालण्यास किती दिवस लागतील, या गोष्टींचा विचार करणारें कोणी राज्यांत उरलें नव्हतें. नागपूरच्या दरबारीं अरब शिपायांना पगार मिळत होता, तोफाहि पुष्कळ होत्या. विकत घेतां येण्याजोगें बहुतेक सर्व काहीं होतें. जें विकत घेतां येत नाहीं, म्हणजे साधनांचा परस्परांशीं मेळ घालणारी बुद्धि, तेवढीच नव्हती.

चाळीस वर्षांनीं याच मुलुखांत दुसरा प्रसंग घडला. १८५४ मध्यें नागपूरचें राज्य खालसा झालें होतें. १८५८ च्या मार्चमध्यें मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबुराव शेडमाके यांनीं गोंड, माडिया व रोहिले जमवून बंड उभारलें. राजगड घेतला, नांदगांव-घोसरी येथें इंग्रजांच्या तुकडीस मागें रेटलें, डोंगराच्या उतारावरून शिळा लोटून चालून येणाऱ्या फौजेची दाणादाण उडविली. अरण्य हाच त्यांचा तट होता, आणि तो गंगासिंहाच्या तटाहून अधिक टिकाऊ ठरला. कारण त्याला मोजमापाची भिंत नव्हती कीं जिच्यापुढें तोफ मांडावी.

या बंडांतील एक घटना आमच्या विषयाच्या दृष्टीनें फार बोलकी आहे. २९ एप्रिल १८५८ रोजीं प्राणहितेच्या कांठीं चिंचगुंडी येथें तारायंत्र खात्याच्या छावणीवर हल्ला झाला व गार्टलंड आणि हॉल हे दोन अधिकारी मारले गेले. तारायंत्र हें कांहीं शस्त्र नव्हे. त्यानें कोणी जखमी होत नाहीं. तरीहि बंडवाल्यांचा घाव तेथें पडला. १८५७ च्या धुमाळींत तारेनें इंग्रजांचें राज्य तारलें, असें इंग्रज अधिकारी उघड म्हणत असत. नवें यंत्र प्रत्यक्ष मारीत नसलें तरी दूरचें पाहतें व दूर कळवितें, आणि म्हणून तोफेहून तें अधिक भयंकर आहे, ही समजूत चांद्याच्या रानांत इतक्या लवकर दिसून यावी हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. आजचा टेहळणीचा ड्रोन हा त्या तारेचाच वंशज होय.

बाबुरावांचा शेवट मात्र तोफेनें झाला नाहीं, तारेनेंहि झाला नाहीं. कॅप्टन क्रिश्टन यानें अहेरीच्या जमीनदारीणबाईंवर दबाव आणून त्यांच्या माणसांकरवीं बाबुरावांस धरविलें, आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं चांद्याच्या तुरुंगांतील पिंपळाखालीं त्यांस फांशीं देण्यांत आलें. अरण्याचा तट आंतून उघडला गेला. जंगलांतील युद्धाचा निकाल बहुधा माणसें फिरल्यानें लागतो, हा या प्रदेशाचा दुसरा धडा. त्याकडे पुढें पुन्हां यावें लागेल.

येथें एक शंका सहज उद्भवते. ज्या चांदा जिल्ह्यांत लोखंडाचे डोंगर आहेत, दगडी कोळसा आहे, आणि पिढ्यान् पिढ्या भट्ट्या लावून लोखंड गाळणारे लोक होते, तेथें तोफा कां घडल्या नाहींत? या शंकेला इतिहासानें फार मार्मिक उत्तर दिलें आहे. १८८२ मध्यें जमशेटजी टाटा यांच्या वाचनांत एका जर्मन भूगर्भवेत्त्याचा अहवाल आला. चांदा जिल्ह्यांतील लोहारा येथील लोहखनिज उत्कृष्ट आहे आणि जवळच वरोड्यास कोळशाची खाण आहे, असें त्यांत म्हटलें होतें. पोलादाच्या कारखान्याचें टाटांचें स्वप्न त्या अहवालानें सुरू झालें. परंतु परीक्षेअंतीं वरोड्याचा कोळसा लोखंड गाळण्यास निकामी ठरला. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं त्यांचे पुत्र दोराबजी व वेल्ड नांवाचे अमेरिकन तज्ज्ञ चांद्याच्या रानांत हिंडले आणि निराश झाले. याच खटपटींत नागपूरच्या संग्रहालयांतील एका नकाशावर दुर्ग जिल्ह्यांतील लोहखनिजाची खूण त्यांच्या दृष्टीस पडली, शोधाची दिशा पूर्वेकडे वळली, आणि कारखाना शेवटीं जमशेदपुरास झाला.

लोहाऱ्याचें लोखंड जागच्या जागीं होतें. पण लोखंड असणें म्हणजे पोलाद असणें नव्हे, आणि पोलाद असणें म्हणजे तोफ असणेंहि नव्हे. मधल्या प्रत्येक पायरीस विशिष्ट कोळसा, विशिष्ट भट्टी, विशिष्ट विद्या लागते. एक कडी उणी असली तर उरलेल्या साऱ्या कड्या व्यर्थ होतात. हेलिकॉप्टराच्या बाबतींत आपला अनुभव याहून वेगळा नाहीं. ‘चेतक’ हें हेलिकॉप्टर फ्रेंच परवान्यावर साठाव्या दशकांत बंगळूरला तयार होऊं लागलें आणि सहा दशकें सैन्याच्या सेवेंत राहिलें. परवान्यावर सांगाडा जोडतां आला. इंजिनाची विद्या मात्र हातीं लागण्यास पिढ्या गेल्या, आणि स्वदेशी म्हणविणाऱ्या यंत्रांच्या इंजिनांतहि फ्रेंच भागीदारी राहिली. यांत लाज वाटण्यासारखें काहीं नाहीं, पण विसरण्यासारखेंहि नाहीं.

१९६२ च्या चीनयुद्धानें देशाचे डोळे उघडले आणि त्या दशकांत दारूगोळ्याचे नवे सरकारी कारखाने उभारले गेले. त्यांपैकीं भंडारा, अंबाझरी व चांदा हे तिन्ही कारखाने विदर्भांत आहेत. चांद्याचा कारखाना भद्रावतीजवळ, प्राचीन विजासन लेण्यांपासून फार दूर नसलेल्या माळावर वसला. कोणत्याहि सरहद्दीपासून शेंकडों कोस दूर, रेल्वेच्या मुख्य रस्त्यावर, भोंवतीं मोकळी जागा: दारूगोळ्याच्या कारखान्यास याहून सोयीची जागा सांपडणें कठीण होतें. तोफांचे गोळे तेथें भरले जाऊं लागले, पुढें ‘पिनाक’ रॉकेटांसारखीं आधुनिक शस्त्रेंहि आलीं. १ ऑक्टोबर २०२१ रोजीं देशांतील ४१ आयुधनिर्माणी कारखान्यांच्या सात सरकारी कंपन्या करण्यांत आल्या, तेव्हां चांद्याचा कारखाना पुण्यास मुख्य कचेरी असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेला.

अशा कारखान्यांत काम करणाऱ्यांचें नांव कोणत्याहि विजयाच्या वार्तेंत येत नाहीं. गोळा भरणाऱ्या हातांची चूक रणांगणावर तोफ फोडते, आणि कारखान्यांत झालेली चूक त्या हातांसच नाहींसें करते. २४ जानेवारी २०२५ रोजीं भंडाऱ्याच्या आयुधनिर्माणींत स्फोट होऊन आठ माणसें मेलीं. १७ डिसेंबर २०२३ रोजीं नागपूरजवळ बाजारगांव येथील स्फोटकांच्या खासगी कारखान्यांत नऊ जणांचा बळी गेला, त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. सरहद्दीवर पडलेल्या शिपायास आपण हुतात्मा म्हणतों. त्याच्या हातीं गोळा देणाऱ्या मजुराच्या मृत्यूस अपघात म्हणून मोकळे होतों. नूतनीकरणाच्या खर्चांत या माणसांच्या सुरक्षिततेचा आंकडा पहिल्या ओळींत असावयास हवा. तो बहुधा शेवटच्या ओळींतहि नसतो.

आतां गडचिरोलीकडे वळूं. १९८० च्या सुमारास गोदावरी व प्राणहिता ओलांडून नक्षलवादी दलमें या अरण्यांत शिरलीं. हें युद्ध सैन्याचें नव्हे, पोलिसांचें आहे, हा भेद कायद्याच्या दृष्टीनें महत्त्वाचा आहे आणि तो मीं विसरलेलों नाहीं. परंतु साधनांचा इतिहास लिहितांना हीं चाळीस वर्षें वगळतां येत नाहींत. १९९० मध्यें स्थानिक तरुणांतून निवडलेलें ‘सी-६०’ हें पथक निर्माण झालें. त्याचें बळ बंदुकींत नव्हतें. या पथकांतील शिपायास गोंडी व माडिया भाषा येत, पायवाटा ठाऊक असत, कोणत्या महिन्यांत कोणत्या नाल्यास पाणी असतें हें विचारावें लागत नसे. क्रिश्टनला जें दबावानें मिळवावें लागलें, तें येथें पोलिस दलाच्या अंगचेंच झालें.

उलट बाजूचें मुख्य शस्त्र भूसुरुंग होतें. या शस्त्राचें मर्म असें कीं तें रस्त्यास पुरलें जातें व रस्त्यालाच शत्रु करतें. डांबराखालीं दडविलेल्या स्फोटकांपुढें चिलखती गाडीहि सुरक्षित नसते, आणि रस्त्यानें जाणारा शिपाई, शिक्षक, डॉक्टर व मतपेटी नेणारा कारकून हे सारे सारखेच भयभीत होतात. २००९ हें वर्ष या दृष्टीनें काळें ठरलें. फेब्रुवारींत मर्केगांव, मेमध्यें हत्तीगोटा आणि ऑक्टोबरांत लाहेरी अशा तीन प्रसंगांत मिळून जवळजवळ पन्नास पोलिस मारले गेले. पुढें १ मे २०१९ रोजीं, महाराष्ट्रदिनींच, कुरखेडा तालुक्यांत जांभूळखेड्याजवळ भूसुरुंगानें पंधरा पोलिस व एक वाहनचालक यांचा घास घेतला.

भूसुरुंगास हेलिकॉप्टर हें सरळ उत्तर होय, कारण तें रस्त्यावरून जातच नाहीं. जखमी शिपायास पूर्वीं खाटेवर घालून रात्रभर रानांतून वाहून न्यावें लागे, आणि वाटेंतच रक्तस्रावानें तो दगावे. १३ नोव्हेंबर २०२१ रोजीं मर्दिनटोल्याच्या जंगलांत मोठी चकमक झाली, तींत २६ माओवादी मारले गेले. चार जखमी पोलिसांस हेलिकॉप्टरानें नागपुरास हलविण्यांत आलें. कोरियाच्या युद्धापासून, म्हणजे १९५० नंतर, जखमींची सुटका हेंच हेलिकॉप्टराचें सर्वांत निर्विवाद कार्य ठरलेलें आहे. जवळच उपचार आहे असा भरंवसा वाटला कीं पायीं चालणाऱ्या शिपायाची छाती दुणावते. यंत्राचा हा परिणाम कोणत्याहि कोष्टकांत मांडतां येत नाहीं.

परंतु हेलिकॉप्टरालाहि मर्यादा आहेत, आणि त्या अरण्यानेंच घातलेल्या आहेत. गडचिरोलीचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग वनांनीं व्यापलेला आहे. उन्हाळ्यांत सागाचीं पानें झडतात तेव्हां वरून जमीन दिसते. पावसाळ्यांत तेंच रान हिरव्या छपराखालीं नाहींसें होतें. उतरावयास मोकळी जागा लागते, आणि मोकळी जागा शत्रूसहि आधींच माहीत असते. उतरतांना व उडतांना हें यंत्र मंद असतें. नोव्हेंबर २००८ मध्यें शेजारच्या बस्तरांत निवडणुकीचीं माणसें व यंत्रें घेऊन उडणाऱ्या वायुदलाच्या हेलिकॉप्टरावर साध्या बंदुकांनीं गोळीबार झाला आणि आंतील एक सार्जंट मरण पावला. कारगिलमध्यें २८ मे १९९९ रोजीं खांद्यावरून सोडलेल्या क्षेपणास्त्रानें आपलें एमआय-१७ पाडलें, त्या धक्क्यांतूनच उंच डोंगरांत लढूं शकणाऱ्या हेलिकॉप्टराची गरज तीव्रतेनें जाणवली, आणि ३ ऑक्टोबर २०२२ रोजीं ‘प्रचंड’ वायुदलांत दाखल झालें. गरज जाणवणें व साधन हातीं येणें यांमध्यें तेवीस वर्षें गेलीं, हेंहि येथें नमूद केलें पाहिजे.

ड्रोननें यांतील कांहीं उणीवा भरून काढल्या. त्यांत माणूस नसतो, त्यामुळें तो गमावण्याची भीति नाहीं. उष्णता टिपणाऱ्या नेत्रानें रात्रींहि त्यास दिसतें. तथापि ड्रोनला माणसाची उष्णता दिसते, माणसाचा हेतु दिसत नाहीं. तेंदूपानें वेंचण्यास पहांटे निघालेल्या बायकांची रांग आणि बंदूकधारी दलमाची रांग यांतला भेद पडद्यावरील पांढऱ्या ठिपक्यांवरून करावयाचा असतो, आणि तेथें पुन्हां त्या पायवाटा जाणणाऱ्या शिपायाचेंच ज्ञान उपयोगी पडतें. साधन जितकें दूरचें पाहूं लागतें तितकी जवळून ओळखणाऱ्याची गरज वाढते.

यंत्राचें वय त्याच्या घडणीच्या सालावरून ठरत नाहीं, हें मे २०२५ मधील भारत-पाकिस्तान संघर्षानें पुन्हां दाखविलें. त्या चार दिवसांत पाकिस्तानकडून ड्रोनच्या लाटा आल्या. त्या अडविण्यांत रशियाकडून घेतलेल्या एस-४०० व स्वदेशी ‘आकाश’ या क्षेपणास्त्रांचें नांव गाजलें. पण त्यांच्या जोडीला एल-७० ही स्वीडिश बनावटीची, गेल्या शतकाच्या मध्यावरची तोफहि होती. तिला नवें रडार, नवा दृष्टियंत्राचा डोळा आणि सर्व केंद्रांस जोडणारें संदेशांचें जाळें मिळालें होतें, म्हणून ती नवी ठरली. चांद्याच्या तटाला १८१८ मध्यें नेमकें हेंच मिळालें नाहीं. जुना असणें हा त्याचा दोष नव्हता. त्याला कोणीं नवा डोळा दिला नाहीं.

याच संघर्षानें दुसराहि एक हिशेब पुढें आणला. कांहीं हजार वा लाख रुपयांचा ड्रोन पाडण्यासाठीं कोट्यवधि रुपयांचें क्षेपणास्त्र सोडावें लागलें, तर पाडणाराच दिवाळखोर होतो. अकरा किलोमीटरांचा तट राखणारा गंगासिंह आणि एक कोपरा निवडणारा ॲडम्स यांच्यांतील विषमता हीच होती: संरक्षकास सर्वत्र जागें राहावें लागतें, आक्रमकास एके ठिकाणीं. म्हणून स्वस्त ड्रोनास स्वस्त उत्तर शोधणें सर्व देशांस भाग पडलें आहे. नागपूरच्या सोलर उद्योगसमूहानें ‘नागास्त्र’ हा स्वतःच शस्त्र होऊन लक्ष्यावर आदळणारा ड्रोन २०२४ मध्यें सैन्यास दिला, आणि ड्रोनच्या थव्यावर लहान रॉकेटें सोडणाऱ्या ‘भार्गवास्त्रा’ची चांचणी मे २०२५ मध्यें ओरिसाच्या किनाऱ्यावर घेतली. लोहाऱ्याच्या लोखंडाला जी विद्या सव्वाशें वर्षांपूर्वीं मिळाली नाहीं, ती नागपूर-चांदा पट्ट्यांत आतां रुजूं लागली आहे, हें समाधानाचें आहे. मात्र देशाच्या मध्यभागीं असणें हें एके काळीं या कारखान्यांचें मोठें संरक्षण होतें. दूरवर जाणारा ड्रोन व क्षेपणास्त्र यांनीं तें संरक्षण पातळ केलें आहे. ज्यांनीं इतरांसाठीं ढाली घडवावयाच्या, त्यांच्या डोक्यावरहि आतां ढाल हवी.

शेवटचा प्रश्न मर्यादेचा. आकाशांतून शस्त्र चालविण्याची शक्ति हातीं आली कीं ती आपल्याच प्रजेवर वापरण्याचा मोह होतो. स्वतंत्र भारतांत हा मोह एकदां आवरला गेला नाहीं: मार्च १९६६ मध्यें मिझो बंडाच्या वेळीं ऐजवल शहरावर वायुदलाच्या विमानांनीं मारा केला, आणि त्या आठवणीनें मिझो मनांत पिढ्यान् पिढ्या सल ठेविला. नक्षलवादाविरुद्धच्या मोहिमेंत वायुदलाच्या हेलिकॉप्टरांस केवळ स्वसंरक्षणार्थ गोळी झाडण्याची मुभा देण्यांत आली, ती मर्यादा म्हणूनच मोलाची आहे. एखाद्या गांवावरून घोंघावत जाणारें यंत्र मारावयास आलें आहे कीं न्यावयास, यावर तें गांव राज्याचें आहे कीं नाहीं हें ठरतें.

भामरागडकरांनीं त्याचें उत्तर पाहिलें आहे. दर पावसाळ्यांत पर्लकोटा नदी फुगली कीं हा तालुका जगापासून तुटतो. १९७३ मध्यें बाबा आमट्यांनीं जवळच हेमलकसा येथें लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हां तर रस्ताहि नांवापुरताच होता आणि रुग्ण चार-चार दिवस चालून येत. २०२४ च्या पावसाळ्यांत याच तालुक्यांतून एका गरोदर स्त्रीस हेलिकॉप्टरानें गडचिरोलीच्या रुग्णालयांत पोहोंचविण्यांत आलें. निवडणुकीच्या वेळीं वायुदलाच्या हेलिकॉप्टरांनीं मतदानाचीं पथकें दुर्गम केंद्रांवर उतरविलीं. शस्त्रास्त्रांच्या याद्यांत या उड्डाणांची नोंद युद्धकार्य म्हणून होत नाहीं. माझ्या मतें ती तशी व्हावयास हवी.

कारण या अरण्यांतील युद्धाचा ओघ फिरला तो एकट्या आकाशांतून फिरला नाहीं. १ जानेवारी २०२५ रोजीं अहेरीहून गर्देवाड्यास स्वातंत्र्यानंतर प्रथमच एस. टी. बस गेली. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत माओवादी पक्षाच्या पॉलिटब्यूरोचा सभासद मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपति यानें साठ साथीदारांसह गडचिरोलींत शस्त्रें खालीं ठेविलीं. या घटनेमागें पोलिसांच्या बंदुका होत्या, ड्रोन होते, हेलिकॉप्टरें होतीं. आणि शाळा, दवाखाना, मोबाईलचा मनोरा व बस हींहि होतीं. कोणत्या कारणाचा वांटा किती, हें तराजूनें तोलतां येणार नाहीं. पण या मुलुखांत बंदुकीनें मिळविलेला जय टिकावयाचा असेल तर वनावरील हक्काचा, सुरजागडच्या लोहखनिजांतील वांट्याचा व विस्थापनाचा प्रश्न त्याच निष्ठेनें सोडवावा लागेल. लोहाऱ्यापाशीं दोराबजींना जें मिळालें नाहीं तें सुरजागडास इतरांस मिळालें आहे. तें ज्यांच्या डोंगरांतून निघतें त्यांस काय मिळालें, हा हिशेब अजून पुरा व्हावयाचा आहे.

२०१७ पासून चंद्रपुरांतील स्वयंसेवकांनीं जुन्या तटावरील झाडोरा काढून त्याची वाट मोकळी केली. त्या बुरुजावर उभें राहून दक्षिणेकडे पाहणाऱ्यास १८१८ मध्यें संकट कोणत्या दिशेनें आलें हें आज कोणीहि दाखवून देईल. पुढचें संकट कोणत्या दिशेनें येईल तें आधीं ओळखणारीं माणसें घडविणें, त्यांच्या हातीं वेळेवर साधन देणें, आणि तें साधन कोणावर उगारावयाचें नाहीं हें त्यांस शिकविणें, एवढ्या तीन गोष्टी ज्या राष्ट्रास साधल्या त्याचें सैन्य आधुनिक म्हणावें. उरलेली खरेदी पैसा असेल तो कोणीहि करूं शकतो. नागपूरच्या दरबारानें ती शेवटच्या वर्षापर्यंत केलीच होती.